ऐकू येतंय का?

गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडवर एका मुलीने मला हाक मारली. "ओ मॅडम, ओळखलंत का?"

मी शिक्षकांचं ते ठरलेलं हसू हसले. ओळखलंय गं, पण नाव तेवढं तूच सांग, अशा अर्थाचं. चोवीस वर्षं शिकवल्यावर हे हसू आपोआप जमायला लागतं. तिला ते कळलं असावं. म्हणाली, "मॅडम, मी रेडमी नोट फाइव्ह."

आणि मग मात्र मी तिला लगेच ओळखलं!

आता हे काय ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी गणित शिकवते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, पंधरा दिवसांची सुट्टी. नवीन वर्ष सुरू व्हायची वेळ आली तेव्हा कळलं की आता हे सगळं फोनवरूनच करायचंय. गणित बोलून शिकवता येत नाही, लिहावंच लागतं. मग मी फ्रिजमधली काचेची फळी काढली, दोन बाजूंना दोन डबे (एक तांदळाचा, एक पोह्यांचा) ठेवून ती त्यावर आडवी टाकली, वर फोन, खाली कागद. कॅमेरा काचेतून कागदाकडे बघतोय आणि मी वाकून लिहितेय. मान आखडायची. अहो म्हणायचे, तू गणित शिकवतेयस की शिवणकाम करतेयस?

पण मानेपेक्षा वाईट होती ती शांतता. वर्गात मुलांना समजलं नाही हे मला त्यांच्या पेनांवरून कळतं. सगळे लिहीत असतात तोवर ठीक. मधेच दोन-चार पेनं थांबली की समजायचं, इथे गाडी रुतली, मागे घ्या. फोनवर पेनं नाहीत. नुसते रंगीत गोल आणि त्यात नावाचं एकेक अक्षर. मी विचारायचे, "समजलं का?" उत्तर नाही. "ऐकू येतंय का?" उत्तर नाही. मग कुणीतरी दया येऊन "येस मॅम" लिहायचं. त्या दिवसांत आमच्या सगळ्या शिक्षकांचं एकच म्हणणं होतं: मुलं लिंक जोडतात, फोन बाजूला ठेवतात आणि झोपतात. माझंही तेच म्हणणं होतं, खोटं कशाला बोलू? ऑगस्टमध्ये मी फतवा काढला. कॅमेरा चालू, नाहीतर गैरहजर.

तेव्हा एस.वाय.च्या लेक्चरला एक 'रेडमी नोट ५' नावाचं कुणीतरी रोज यायचं. नाव नाही, फोटो नाही, आवाज नाही. "कोण आहे हे? नाव सांगा." गप्प. दोन दिवस विचारलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. पाच मिनिटांनी ते परत आलं. मी परत काढलं. ते परत आलं. चौथ्यांदा मी कंटाळून सोडून दिलं, पण हजेरी काही लावली नाही.

आणि मग सप्टेंबरमध्ये एका रात्री पावणेबाराला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. मराठी आणि गणित सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, मी ते तीनदा वाचलं. प्रश्न साधारण असा होता: मॅडम, डेल्टा हा एप्सिलॉनवर अवलंबून असतो हे कळलं. पण बिंदू बदलला की तोही बदलतो का? मग सगळ्या बिंदूंना चालेल असा एकच डेल्टा कधीच नसतो का?

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीला सुटला त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडली तरी चालेल. सांतत्य शिकवताना आपण म्हणतो, तुम्ही कितीही छोटा एप्सिलॉन द्या, मी त्याला पुरेल असा डेल्टा शोधून देईन. सगळ्या बिंदूंना पुरेल असा एकच डेल्टा मिळाला तर त्याला एकसमान सांतत्य म्हणतात, आणि तो भाग मी अजून शिकवलेलाच नव्हता. म्हणजे ही मुलगी स्वतःच्या स्वतः पुढच्या प्रकरणाच्या दारात येऊन उभी होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला शिकवायच्या आधी विचारणारे दोघं की तिघंच भेटले असतील. मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन (अहो झोपले होते) एक छेद एक्सचं उदाहरण घेऊन सात मिनिटांचं व्हॉइस रेकॉर्डिंग पाठवलं. शून्याच्या जवळ सरकलं की डेल्टा कसा आक्रसत जातो, वगैरे. मग विचारलं, तू कोण?

"मॅडम मी रोज येते. तुम्ही मला काढता."

त्या मेसेजच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र होतं म्हणून मी जास्तच मेले.

फोन भावाच्या नावाचा, त्याचा माइक बिघडलेला. गाव डोंगरात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांतून आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, त्यातलंच तिचं एक. रेंज मिळायची ती घरामागच्या गोठ्याशी. कॅमेरा लावून ती गोठा दाखवणार होती का आम्हाला? शिवाय घरात एक फोन, रोजचा दीड जीबी आणि आठवीतला धाकटा भाऊ, त्याचीही शाळा त्याच फोनवर. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, मी विचारलं म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचा फतवा मागे घेतला आणि लेक्चर रेकॉर्ड करून लिंक ग्रुपवर टाकायला लागले.

त्यानंतर मात्र रात्रीचे प्रश्न वाढले. तिचेच नाहीत, इतरांचेही. वर्गात वर्षभरात जेवढे प्रश्न येत नाहीत तेवढे त्या दिवाळीपर्यंत आले. मला ते आवडलं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलंसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं ही मुलं समोर बसून माना डोलावत होती ती काय?

(प्रॅक्टिकलवाल्यांचे हाल वेगळे. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी टायट्रेशनचा व्हिडिओ केला, गुलाबी रंग येताना दाखवला आणि मुलांना सांगितलं, रीडिंग लिहून घ्या. सगळ्या वर्गाची रीडिंग अगदी बिनचूक, दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी. सर म्हणाले, माझ्या नोकरीत असा निकाल पहिल्यांदाच लागला. यावर विद्यार्थी आणि शिक्षकांचं दुमत नाही. ब्युरेटची तोटी स्वतःच फिरवावी लागते.)

२० ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली कॉलेजं पुन्हा उघडली. त्याआधी फेब्रुवारीत थोडे दिवस उघडून परत मिटली होती, त्यामुळे या खेपेला आम्ही सगळेच आनंदलो. स्टाफरूममध्ये पेढे आले. हातात खडू धरल्यावर मला अक्षरशः भरून आलं. टी.वाय.ला एकतीस मुलं होती माझ्याकडे. मी विचारलं, "सुटलो बाई एकदाचे त्या फोनमधून, नाही का?" पुढच्या बाकांवरची मुलं जोरात "हो मॅडम" म्हणाली. मागच्या बाकांवर सगळे मास्क. मास्कमागे कोण काय म्हणतंय ते दिसत नाही. मी धरून चाललं, सगळे हो म्हणाले.

आठवडाभरात एस.टी.चा संप सुरू झाला. दिवाळीनंतर बहुतेक सगळे, म्हणजे अडीचशेच्या अडीचशे डेपो ठप्प झाले. विलीनीकरणाची मागणी, कोर्ट, कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या, हे सगळं तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिलंच असेल. तो संप चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्यांचे पगार काय होते ते आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. पण कोकणात एस.टी. नाही म्हणजे पाय नाहीत. शहरातल्या वाचकांना वाटेल, मग रिक्षा, मग गाडी. आमच्याकडे मग वडाप, तेही मुख्य रस्त्यावर. पासावर येणारी मुलं रोज साठ रुपये जायचे आणि साठ यायचे कुठून काढणार?

मुलांचा ग्रुपवर निरोप आला. मॅडम, लिंक चालू ठेवाल का? नुसता फोन समोरच्या बाकावर ठेवा, आम्ही ऐकू.

मी पहिल्या आठवड्यात ठेवला. काय झालं ते सांगते. फळ्यावरचं फोनवर दिसेना म्हणून मी मोठं लिहायला लागले, मग फळा पुरेना. फोनकडे बघून बोलले की वर्ग सुटायचा, वर्गाकडे वळले की फोन. आणि शुक्रवारी वर्गात नऊ मुलं. ज्यांचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर, तीसुद्धा घरी बसून लिंकवर! मी विचारलं तर एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, पाऊस होता ना." नोव्हेंबरात!

स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांचा हाच अनुभव. त्यात आणखी एक भीती होती, जी मुलांना कधी दिसली नाही आणि आम्ही कधी त्यांना सांगितली नाही. मे २०२१ मध्ये यूजीसीने मिश्र शिक्षणाचा मसुदा काढला होता, प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल असा. आमच्या कॉलेजात तेव्हा कितीतरी जागा रिकाम्या होत्या आणि तासिका तत्त्वावरची पोरं तेवढ्या-तेवढ्या तासांच्या पैशांवर शिकवत होती. त्यातला एक जण मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमची लेक्चरं रेकॉर्ड झाली. पुढच्या वर्षी तीच लावली तर माझे तास कुठून येणार?" त्याला उत्तर द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. ठराव झाला. लिंक बंद. मुलांनी वर्गात यावं.

मी हात वर केला होता. ठरावाच्या बाजूने.

रेडमीने मला वेगळा मेसेज केला होता. मॅडम, फक्त तुमच्या लेक्चरची द्या, मी कुणाला सांगणार नाही. मी लिहिलं, नियम सगळ्यांना सारखा असतो, आठवड्यातून जमेल तसं ये. ती दोन दिवस यायची. जानेवारीत तिसरी लाट आली, कॉलेज पुन्हा बंद झालं, आम्ही पुन्हा ऑनलाइन गेलो, आणि ते तीन-चार आठवडे ती पुन्हा रोज असायची. फेब्रुवारीत वर्ग उघडले की पुन्हा आठवड्याचे दोन दिवस. संप मिटून सगळे कामावर येईपर्यंत २०२२ चा एप्रिल उजाडला. परीक्षा वर्गात बसून झाली. मेट्रिक स्पेसच्या पेपरात तिला केटी लागली. हो, तिलाच, जिने मला शिकवायच्या आधी एकसमान सांतत्य विचारलं होतं.

निकालपत्रात ते नाव मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पान उलटलं.

तर स्टँडवर. तिची गाडी पाऊण तासाने होती, माझी त्याच्याही नंतर. आम्ही बाकावर बसलो. केटी पुढच्या खेपेला सुटली, मग बी.एड. झालं, आता एका शाळेत शिकवते. मी विचारलं, तुला तेव्हा राग आला असेल ना माझा? म्हणाली, "राग नाही ओ. पण तुम्हाला सगळ्यांना वाटायचं आम्हाला कॉलेज नको होतं. आम्हाला कॉलेज हवं होतं. उशिरा येणं नको होतं."

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावलं. एफ.वाय.ला असताना पहाटे साडेपाचची गाडी. गाडी वेळेत आली तर पहिलं लेक्चर मिळायचं. नाही आली तर मधेच दार लोटून आत यायचं. "तुम्ही ओरडायच्या नाही. पण खडू थांबवायच्या. सगळे वळून बघायचे. मग मी बसेपर्यंत तुम्ही थांबायच्या आणि मग परत सुरू. त्यानंतर मला दहा मिनिटं काही ऐकूच यायचं नाही." आणि मग कुणासमोर हात वर करून प्रश्न विचारणार? फोनवर उशीर झाला तर कुणाला कळत नव्हतं. कळलं नाही तर मागे नेता येत होतं.

मी म्हटलं, अगं, मी खडू थांबवायचे ते तुझं बुडू नये म्हणून! तू बसलीस की पुढे सांगायचं म्हणून!

"हो?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो.

आता सगळी मुलं अशीच म्हणतील असं मात्र कुणी समजू नका. माझा भाचा (ताई, तू हे वाचते आहेस, चिडू नकोस) २०२० ला पुण्यात इंजिनीअरिंगला लागला आणि पहिली दीड वर्षं त्याने डोंबिवलीतल्या त्याच्या खोलीत काढली. त्याच्याकडे लॅपटॉप, वायफाय, हातात चहा, सगळं होतं. त्याला विचारा. "मावशी, माझं कॉलेज चोरीला गेलं," असंच म्हणतो तो अजून. त्याला लेक्चरचं दुःख नाही, ती त्याने दुप्पट वेगाने ऐकली. हॉस्टेल, कॅन्टीन, रात्रभर जागून केलेली सबमिशनं, हे गेलं. म्हणजे ज्याच्या घरी ऑनलाइनची सगळी सोय त्याला ते नको, आणि गोठ्याशी उभं राहून ज्याला ऐकावं लागलं तिला ते हवं. आम्ही शिक्षक मात्र 'मुलांना काय वाटतं' असं एकवचनी विचारत बसलो. मी स्वतः विचारलंही पुढच्या बाकांनाच.

आमच्या घरात खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. माझ्या आत्याने लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. हे विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये सुरू झालं, आणि आत्या त्याच्या सुरुवातीच्या काही वर्षांतली. दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली की ती पुस्तकं काढायची. आमच्याकडे कुणी विचारलं की सांगायचे, "बी.ए. झालीये, पण मुक्तचं." हे 'पण' मी स्वतःही उच्चारलेलं आहे, नेट-सेट झाल्यावर, मोठ्या तोऱ्यात. आत्या त्यावर कधी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, मला कॉलेजात पाठवणारं कोण होतं गं? आत्या आता नाही. असो.

स्टँडवर तिची गाडी लागायची वेळ झाली तेव्हा रेडमीने विचारलं, "मॅडम, ते व्हिडिओ अजून आहेत का तुमच्याकडे?"

नव्हते. ड्राइव्हवरची जागा भरली असा मेल आला तेव्हा मी सगळे एका बैठकीत उडवले होते. जागा हे निमित्त. त्या तासिकावाल्या मुलाचं बोलणं डोक्यात होतंच, आणि शिवाय कुणी माझं वाकून लिहिलेलं, मधेच कुकरची शिट्टी असलेलं लेक्चर जपून ठेवावं असं मला वाटतच नव्हतं. आम्हा लोकांना लेक्चर म्हणजे झालं की संपलं असं वाटतं, भजनासारखं.

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "लायब्ररीच्या वायफायवर उतरवून घेतले होते. भाऊ बघतो आता. तो एफ.वाय.ला आहे. त्याच्या कॉलेजात गणिताला कुणी नाहीच आहे ओ, जागा भरलेली नाही. तुमच्यावरच चाललंय त्याचं."

आता यावर मी काय बोलायचं होतं? आमच्या स्टाफरूमला ज्याची भीती वाटत होती ते अगदी तसंच झालेलं. आणि त्या पोराला त्याशिवाय दुसरं काही मिळणार नव्हतं हेही तितकंच खरं. तासिका तत्त्वावरचा आमचा तो मुलगा आता पनवेलला एका क्लासमध्ये शिकवतो, ऑनलाइन.

त्या रात्री तिने मला एक व्हिडिओ पाठवला, सप्टेंबर २०२० चा. मी एवढ्या वर्षांत स्वतःला शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. नुसते हात दिसतात, बांगड्या आणि बॉलपेन. दर पाच मिनिटांनी "ऐकू येतंय का?" आणि "समजलं का?", मग एक लांब थांबणं. मला ते थांबणं अजून आठवतं, अंगावर यायचं. खाली तिने लिहिलं होतं, इथे मी नेहमी पॉज करून गणित स्वतः करायचे, मग पुढे बघायचे. भाऊ पण तसंच करतो.

अनुक्रमांचं, म्हणजे सिक्वेन्सचं शेवटचं लेक्चर मात्र तिच्याकडे नाही, अर्धंच उतरलं. भावाची परीक्षा महिन्यावर आलीये. मी करून पाठवते म्हटलंय. तांदळाचा आणि पोह्यांचा डबा तेच आहेत, फ्रिज नवीन आहे. त्याची फळी निघते का ते बघायला हवं, सध्या त्यावर दह्याचं पातेलं आहे.